वाढत्या अंगाची स्की

"घ्यायचं तर वाढत्या अंगाचं घ्यावं," असं म्हणून काकू हातातली वस्तू खाली ठेवायच्या आणि त्याहून एक माप मोठी उचलायच्या. माझ्या मुलीला त्यांनी वाढदिवसाला दिलेला स्वेटर नेहमी पुढच्या वर्षी बसायचा. घरात माणसं दोन आणि कुकर आठ लिटरचा. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. पण त्या बाईने सत्तरीला टेकल्यावर स्वतःसाठी वाढत्या अंगाची स्की घेतली नसेल. पैज लावते.

इथे परदेशात, पार्सिपनी गावात त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. लग्न होऊन नागपूरहून आल्या आणि इथल्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं राबून निवृत्त झाल्या. आम्ही मागाहून आलेले कॉम्प्युटरवाले. पहिल्याच दिवशी मी त्यांना आँटी म्हटलं, तर म्हणाल्या, "काकू म्हण, नाहीतर डॉक्टर म्हण. मधलं काही नको." उंची जेमतेम पाच फूट, पण वर बघून बोलतायत असं कधी वाटलं नाही.

स्कीइंग त्यांना हॉस्पिटलातल्या मैत्रिणींनी शिकवलं. "इथे बर्फ चार महिने असतो. त्याला शिव्या घालत घरात बसायचं, की त्याच्यावर पाय द्यायचा?" असा त्यांचा सवाल. मी शिव्या घालणाऱ्यांपैकी, त्यामुळे गप्प बसायची. वीस हिवाळे त्या डोंगरावर गेल्या. मग काकांना अर्धांगवायू झाला. पुढची नऊ वर्षं काकू त्यांना उठवण्या-बसवण्यात होत्या आणि स्की गॅरेजच्या भिंतीवर. एकदाही कुरकुर ऐकली नाही. काका गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात काकू शिडी लावून स्की खाली काढताना मला दिसल्या.

इथल्या मराठी मंडळात अर्थातच कुजबुज सुरू झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने मायेने सुचवलं, "आता फ्रिस्कोला मुलाकडे जा हो. नातवंडांत वेळ जाईल."

"वेळ घालवायला मी काय स्टँडवर बसलेय?" काकू म्हणाल्या आणि तिळगूळ तोंडात टाकला.

मुलगा खरोखर चांगला होता, ही अडचण होती. त्याने तिकडे टेक्सासात, फ्रिस्कोच्या घरी आईसाठी तळमजल्यावर खोली तयार ठेवली होती आणि दर रविवारी फोनवर तो त्या खोलीची आठवण करून द्यायचा. "आई, रूम रेडी आहे. नो प्रेशर." काकू मला म्हणाल्या होत्या, "तिकडे जमीन पोळपाटासारखी. एकदा गेले की स्की संपली. आणि स्की संपली की मी कोणाची तरी आई, कोणाची तरी आजी. बास." बाहेरच्यांना तो म्हातारपणचा चाळा वाटत होता. काकूंच्या दृष्टीने सगळा प्रश्न एवढाच होता, की उरलेलं आयुष्य कुठे आणि कसं काढायचं ते कोण ठरवणार.

जुनी जोडी घेऊन काकू आणि मी स्कीच्या दुकानात गेलो. तिथला साठीचा माणूस, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला, त्या स्कीकडे थोरल्या माणसाकडे बघावं तसं आदराने बघत राहिला आणि म्हणाला, मी यांना हात लावणार नाही. पडल्यावर बूट सोडवणारी जी कळ असते ती इतकी जुनी झाली होती, की कुठलंच दुकान तिची जबाबदारी घेत नाही. शिवाय ती स्की सरळसोट, पट्टीसारखी, काकूंच्या डोक्यावर हातभर जाणारी. आताची स्की मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते. जरा कलली की आपणहून वळते. म्हणून ती आखूड घ्यायची.

त्याने आधी तासभर बूटच बसवले. "स्की चुकली तर दिवस वाया जातो. बूट चुकला तर हिवाळा," तो म्हणाला. हे काकूंना पटलं. मग त्याने हनुवटीपर्यंत येणारी एक मऊ जोडी पुढे ठेवली आणि एक फॉर्म दिला. उंची, वजन, वय, आणि शेवटी तीन चौकोन: जपून उतरणारे, मध्यम, जोरात उतरणारे. त्यावरून ती कळ किती घट्ट ठेवायची ते ठरतं, म्हणून खरं लिहा, असंही त्याने बजावलं.

आता बघा, या बाईने आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलावर माणसांना "शेवटचं कधी खाल्लंत? खरं सांगा" असं दरडावून विचारलं होतं. तिने तिसऱ्या चौकोनात खूण केली.

आणि भिंतीवरची सगळ्यात ताठ, डोक्याच्या चार बोटं वर जाणारी जोडी उचलली. ही शर्यतवाल्यांची आहे, असं तो माणूस सांगत राहिला. काकूंनी त्याला इंग्रजीत समजावलं, की सुरुवातीला मी कच्ची असेन, पण महिन्याभरात जमेल, मग तुमची आखूड जोडी मला अपुरी पडेल. मुलांचे कपडे आम्ही असेच घेतो. त्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे बघत होते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी त्या डोंगरावर गेल्या. मी खाली काचेआड चहा पीत बसले होते. अर्ध्या तासाने दोन लाल जॅकेटवाले बर्फावरून एक घसरगाडी ओढत आणताना दिसले. गाडीत काकू आडव्या होत्या आणि गुडघा कसा धरायचा ते त्या दोघांना सांगत होत्या. स्की वळलीच नव्हती. ती त्यांना घेऊन थेट कडेच्या नारिंगी जाळीत शिरली, आणि घट्ट केलेली कळ एका पायाची सुटली नाही. मनगट आणि गुडघा मुरगळला. मोडलं काही नाही, पण नियमाप्रमाणे फोन गेला तो फ्रिस्कोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा हजर. काकू स्वयंपाकघरात, गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवून बसलेल्या.

"आई, इनफ. यू आर सेव्हन्टी. मी घर सेलला लिस्ट करतोय."

"माप चुकलं," काकू म्हणाल्या. "वय चुकलं नाही."

"दिस इज नॉट अ जोक!"

"तुझ्या ऑफिसात प्रोग्राम चुकला तर ऑफिस विकता का?"

तो हसला नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला कॉल आला, आई. दे सेड युअर मदर, अँड अ स्लेड. त्याच्यानंतर मला काही ऐकूच आलं नाही."

काकूंनी मटारची पिशवी उगीचच सारखी केली. कबूल करते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता. दुकानातल्या त्या माणसाचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळे ओले असले तरी आवाज तोच होता.

"मार्चमध्ये ये. तुझ्यासमोर वरपासून तीनदा उतरेन. एकदा जरी पडले तर मी स्वतः सामान बांधते. नाही पडले, तर ती खोली तू पाहुण्यांना दे."

तो "फाइन" म्हणाला.

पाच आठवड्यांनी काकू मला घेऊन परत दुकानात गेल्या. आत जाऊन त्या माणसासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी फॉर्मवर खोटं लिहिलं. तुमचंही ऐकलं नाही. सॉरी." पंधरा वर्षांच्या शेजारात हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्याने कोरा फॉर्म पुढे केला. वय, वजन भराभर लिहून झालं. तीन चौकोनांपाशी मात्र पेन थांबलं. मग काकूंनी पहिल्या चौकोनात खूण केली, जपून उतरणारे, आणि कागद पटकन उलटा करून ठेवला. मी दुसरीकडे बघितलं. त्यांना पडताना बघण्यापेक्षा हे जड गेलं मला.

"आज विकत घेऊ नका," तो म्हणाला. "एकेक जोडी एकेक दिवस नेऊन बघा."

मग काकूंनी भेंडीचं टोक मोडून बघावं तशा चार दिवसांत चार जोड्या पाहिल्या. पहिली इतकी मऊ, की कडक बर्फावर थरथरायची. दुसरी बुटाखाली फार रुंद. "ही पश्चिमेकडच्या भुसभुशीत बर्फाची. आपला बर्फ म्हणजे फरशी," त्यांनी निकाल दिला. तिसरी वळायची, पण थकवायची. चौथी नाकाच्या शेंड्यापर्यंत येणारी, फार मऊ नाही, फार ताठ नाही. त्या दिवशी त्या खाली आल्या, माझ्या डब्यातला सगळा उपमा संपवला आणि परत वर गेल्या. जोडी ठरली हे मला कळलं.

मार्चात मुलगा आला, टेक्सासचं पातळ जॅकेट घालून. आम्ही दोघं पायथ्याशी कुडकुडत उभे राहिलो. पहिल्यांदा काकू मोठमोठी वळणं घेत, दोनदा थांबून श्वास घेत उतरल्या. दुसऱ्यांदा एकदाच थांबल्या. तिसऱ्यांदा निम्म्यात एक स्नोबोर्डवाला त्यांच्या समोरून आडवा गेला. काकू डगमगल्या. एक काठी हातातून उडाली. मी मुलाचा दंड घट्ट धरला, त्याने डोळेच मिटले. काकू गुडघ्यांत खाली गेल्या, नको तितक्या खाली, आणि तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी वळण पुरं केलं. पुढचा उतार एका काठीवर.

मुलगा दोन्ही हात पसरून पुढे झाला. काकू त्याच्या शेजारून निघून गेल्या. थांबल्या नाहीत, बघितलं नाही. सरळ जाऊन डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"पण थ्री टाइम्सच ठरलं होतं," तो म्हणाला.

"ते तीन तुझ्यासाठी होते," मी म्हटलं.

त्यानंतर काकूंना तीन हिवाळे मिळाले. चौथा येण्याआधी, ऑक्टोबरात, हृदय थकलं. दोन दिवस हॉस्पिटलात होत्या. भूल देणाऱ्या नव्या डॉक्टरणीला बोलावून तिची चौकशीही केली म्हणे. बर्फाचा तिथे काही संबंध नव्हता. पण मंडळाच्या शोकसभेत एक काका उठले आणि म्हणाले, "थोर बाई. पण त्या वयात ते डोंगर... हृदयावर ताण येणारच. मुलाने तिला जाऊ द्यायला नको होतं."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण त्याआधी मुलगा उठला. त्याचं मराठी सभेत बोलण्याजोगं नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"काका, मी तिला जाऊ दिलं असं नाही," तो म्हणाला. "तिने मला विचारलंच नाही."