पोरीचा ओ आणि माझा जळफळाट

भंडारा जिल्ह्यातील तमाम बापांना कळवण्यास अत्यंत दुःख होते, की लेकीत आपलं काय आलं हे चारचौघांत विचारू नये. मी विचारलं. शहापूरच्या रक्तगट तपासणी शिबिरात, चालू माइकशेजारी उभं राहून!

माझी लेक पिंकी जन्मली तेव्हापासून एकोडीचा माझा साळा तिच्यावर हक्क सांगतो. नाक मामाचं, गणित मामाचं, हसणं मामाचं. (शिंकसुद्धा मामाची म्हणे!) आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. हा दिवसातून दोनदा पडतो आणि उठताना माझ्याकडे बघून मिशीत हसतो! मी आतल्या आत जळतो. म्हटलं, रक्त तरी बापाचं निघेल!

माझा गट निघाला ए, बायकोचा बी. "म्हणजे पोरीचा एबी!" मी जाहीर करून टाकलं. पोरीचा निघाला ओ. आणि साळ्याचा? ओ!

"पाहा भाऊजी, रक्तही मामाचंच!"

"चूक झाली! माझाही ओच असेल, पुन्हा तपासा!" मी गरजलो. (सुई दिसली की मला घेरी येते. पण इज्जतीचा सवाल होता.) तीन बोटं टोचून घेतली. तिन्ही वेळा ए!

"अवो, कायले बोटं फोडून राहिले?" बायको कळवळली. "लोक पाहून राहिले ना!"

शेवटी तपासणाऱ्या मॅडमनाच दया आली. "काका, मामाचा इथं काही संबंध नाही. पोरीले एक हिस्सा बापाकडून भेटते, एक आईकडून. तुमच्यात ए आहे, पण त्याच्यामागं ओ लपून आहे. ताईंच्या बीमागंही तसाच. दोघांनी आपापला लपलेला ओ देल्ला, म्हणून पोरगी ओ!"

मला तर स्वर्गच दिसला! मी माइक ओढला. "ऐका हो शहापूरकर! अर्धा ओ माहा आहे! मामाचा यात थेंबभरही नाही!"

साळ्याचं तोंड पडलं. टाळ्यासुद्धा वाजल्या. एवढ्यात पहिल्या रांगेतून माझी सख्खी आई, हात जोडून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी बोलली,

"बरं झालं बाप्पा! बाबू, तुह्यात जे दिसते ते पोरीनं काहीच नाही घेतलं!"