कोरफडीचा पहारा

पाणी घालणाऱ्याच्या अंगावर धावून जाणारा गृहस्थ अख्ख्या सातारा-सांगलीत एकच निपजला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. ज्या कडेगावात पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तिथं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या दाजींनी दारात मुरूम पसरला, माळावरचे काळे दगड आणून रचले आणि फटीफटींतून कोरफड लावली. मधोमध एक दगड उभा केला, परेड तपासायला आलेल्या साहेबासारखा. आता आमच्याकडे येणारा-जाणारा मोठा दयाळू. तांब्यात उरलेलं पाणी तो हमखास कोरफडीच्या बुडात ओतायचा आणि दाजींच्या मिशा थरथरायच्या. "आवं पाव्हणं, झाड हाय ते, म्हैस न्हाई! तहान लागल्याबिगर मूळ खाली जातंय व्हय?" साखर कारखान्याचे एक संचालक माना डोलावणारी माणसं बरोबर घेऊन आले आणि बागेला ठिबक बसवण्याचा सल्ला देऊ लागले, तेव्हा दाजी म्हणाले, "आदी तुमच्या भाषणाला बसवा, सायेब. लय वाहतंय." मला हा संताप मनापासून पटायचा. पाणी ओतणं हीच माया समजणाऱ्या मुलखात बिचाऱ्या कोरफडीनं कुजण्यापलीकडे करावं तरी काय?

मग एका अमावास्येला उभ्या दगडावर शेंदूर दिसला, समोर फोडलेला नारळ आणि भोवती चिखल. दाजींनी आळी डोक्यावर घेतली. शेंदूर धुवावा तर पाणी मुळांत जाणार, म्हणून कोरड्या फडक्यानं घासत बसले. तेलातला शेंदूर तो. दगडाचा निघेना, हातांना मात्र चिकटला. पुढच्या अमावास्येला मी तिथंच होतो. पुन्हा तेच, आणि दगडाच्या पायथ्याची कोरफड पिवळी पडून मऊ झालेली.

"घावू दे कोण हाय त्यो! कोर्ट मार्शल करतो!"

"मीच हाय," दारातून माझी मेव्हणी, म्हणजे दाजींची बायको, म्हणाली. "तुमी बॉर्डरवर हुता, तवा मी दर आवसंला बांधावरच्या म्हसोबाला पाणी घालत हुते. आता त्येच्याभवती ऊस माजलाय, वाटच न्हाई ऱ्हायली. म्हणून हितं मांडला."

"पर मी आलोय की घरी!"

"आलाय म्हणून देवाला सोडू व्हय?"

खुरपं घेऊन दाजींनी एकेक कोरफड उपटली आणि मागच्या भिंतीकडे, कोरड्यात नेऊन लावली. पायथ्याची तेवढी ठेवली.

"दाजी, ही पण काढा की. कुजेल."

"कुजंल," दाजी म्हणाले. "पर ते पाणी माझ्यापायी हाय."