चिखलबाई आणि बुडालेली तिवरं

वाळत घातलेल्या बोंबलांकडे पाहावं तशा आमच्या बाई वर्गाकडे पाहायच्या आणि मग शिकवायला लागायच्या. नव्वदच्या दशकात त्या वसईत भूगर्भशास्त्र शिकवत. आम्ही जेमतेम बाकडंभर, तेही दुसरीकडे प्रवेश न मिळालेले. त्यामुळे त्यांची तुच्छता अगदीच अस्थानी नव्हती. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना चिखलबाई म्हणायचो.

ओहोटीला त्या आम्हाला नायगावच्या खाडीत उतरवत. चिखलात पाइप खुपसून आतला गाळ कागदावर काढत. तळाशी काळा, कुजक्या मुळांचा थर. "ही तिवरं, खाडीकाठची खारफुटी. वर शिंपल्यांचा चुरा, म्हणजे समुद्र चढत इथवर आला. त्यावर मऊ गाळ, म्हणजे पाणी खोल झालं."

"थोडंसं पाणी वाढून समुद्र इतका आत कसा येईल, बाई?" मी विचारलं.

"वाटीत बोटभर पाणी वाढलं तर वाटीतच राहतं. ताटात वाढलं तर मांडीवर येतं. आपला समुद्र उथळ, ताटासारखा. तुझं डोकं मात्र वाटी आहे, तीही पालथी."

त्यांचा धाकटा भाऊ त्याच खाडीकाठी भराव टाकून इमारती बांधायचा. भूमिपूजनाला त्याने हौसेने बहिणीला बोलायला उभं केलं. "ही जमीन नाही," बाई म्हणाल्या. "इथे समुद्र येऊन गेलाय, पुन्हा येईल. त्याआधी माझ्या भावाला फ्लॅट विकून मोकळं व्हायचंय." भाऊ हात जोडून हसत राहिला. त्या भाऊबीजेला मी गिरीजला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पाट मांडलेला होता, निरांजन तयार होतं. भाऊ आला नाही, त्यानंतरही कधी नाही. फ्लॅट मात्र सगळे खपले. "गिऱ्हाइकाला बाल्कनीतून खाडी दिसते, पायाखालची दिसत नाही," बाई म्हणाल्या.

पुढे मी समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या बोटीवर लागलो. किनाऱ्यापासून खूप लांब, तळाच्या गाळाखाली तिवरांची मुळं मिळाली. बंदरात उतरताच बाईंना फोन केला. शाबासकीची आशा होती.

"मिळणारच. कोकणात आंबा मिळाला म्हणून कुणी फोन करतं का?" मग त्यांनी विचारलं, "मुळं उभी होती की आडवी?"

"उभी."

"म्हणजे जागच्या जागी बुडाली." त्या पुढे म्हणाल्या, "माझा भाऊ नायगावला त्याच्याच इमारतीत राहायला गेलाय. तळमजल्यावर. त्या मूर्खाला समजावशील? माझं ऐकणार नाही तो."

मी गेलो. भावाने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"आणखी काय म्हणते ताई माझ्याबद्दल?"

"मूर्ख म्हणतात."

त्याचे डोळे भरून आले. "म्हणजे अजून रागावते," तो म्हणाला आणि गिरीजला जायला चपला शोधू लागला.