म्हणून दाखव ना

"अगं, बाहेर ये ना जरा. ते म्हणून दाखव."

मॅडमनी हाक मारली तेव्हा माझे दोन्ही हात मसाल्यात होते. बांगड्यांना मसाला लावत होते. बाहेर हॉलमध्ये बारा-चौदा माणसं. सगळी मराठी. कुणी बँकेतलं, कुणी तेल कंपनीतलं. मस्कतला शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जेवण. त्या शुक्रवारी आमच्या घरी. आमच्या म्हणजे त्यांच्या. मी तिथे कामाला होते.

हात धुतले, ओढणीला पुसत बाहेर गेले. "काय म्हणू?"

"ते तुमचं मालवणीतलं भांडण गं. मेल्याबिल्या. ह्यांना ऐकायचंय."

मला वाटलं, थट्टा करतायत. कुठची थट्टा! सगळे बोलायचे थांबले होते. एका बाईंनी मोबाइल वर धरला होता. साहेब म्हणाले, "लाजू नकोस, सगळे घरचेच आहेत."

म्हटलं मी. "मेल्या, तुजो मडो बशिवलो."

काय हसले! एका साहेबांच्या ग्लासातलं सांडलं. मोबाइलवाल्या बाई म्हणाल्या, परत म्हण, नीट नाही आलं. परत म्हटलं. मॅडम म्हणाल्या, तो हात करून म्हण ना. हात करून म्हटलं. "किती गोड," कोणीतरी म्हणालं. मग मी आत गेले आणि बांगडे तळायला घेतले.

मडो म्हणजे मढं, प्रेत. मरणाचा शाप आहे तो. हे वाक्य माझ्या आईने एकदाच जीव तोडून म्हटलेलं मी ऐकलंय. माझा घोव, म्हणजे नवरा, गोव्यात हॉटेलात कामाला होता. तिथेच त्याने दुसरं घर केलं. आपले कागद न्यायला म्हणून एकदा आला आणि मुलीकडे न बघता निघाला. तेव्हा आई अंगणात उभी राहून ओरडली होती. तिला धरायला लागलं. तेच मी म्हणून दाखवलं. तीनदा. तिसऱ्यांदा हात करून.

आमचं गाव मालवणजवळ, कट्टा नावाच्या बाजारगावाच्या पलीकडे. मी मालवणात एका लॉजच्या स्वयंपाकघरात होते. हे कुटुंब तिथे चार दिवस राहायला आलं, माझ्या हातचं जेवलं आणि मॅडमनी विचारलं, येतेस का आमच्याबरोबर? त्यांना लहान मुलगी होती, परी. मला सायली होती, नऊ वर्षांची. सायलीला आईजवळ ठेवली आणि गेले. दुसऱ्याच्या मुलीला भरवायला. त्यात नवल काही नाही, कितीजणी जातात.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परीला अंडं भरवत होते. तिने तोंड फिरवलं. "माका नको."

मॅडमनी हातातला मोबाइल खाली ठेवला. आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे बघ, तिच्यासमोर तसलं बोलायचं नाही. तिची शाळेची मुलाखत आहे. असलं एकदा तोंडात बसलं की निघत नाही."

तसलं. असलं. नाव पण घेतलं नाही. आदल्या दुपारी हेच तर म्हणून दाखव म्हणत होत्या! मी "हो मॅडम" म्हटलं आणि अंड्याची बशी उचलली. त्याच दिवशी राग यायला हवा होता मला. नाही आला, खोटं कशाला सांगू.

मग शिकले. वॉशिंग मशीनच्या बाजूला माझी झोपायची जागा होती. तिथे बसून घोकायची. माका नाही, मला. तुका नाही, तुला. खंय नाही, कुठे. आज हे सगळं तुम्हाला नीट मराठीत सांगतेय ना, ती त्या घरचीच शिकवण. मॅडम खूश झाल्या. "बघ, किती छान बोलायला लागलीस! माणसात आलीस अगदी."

पण तोंडातला प्रत्येक शब्द आधी तपासायचा, मग बाहेर काढायचा. दिवसभर. त्यापेक्षा न बोललेलं बरं, असं झालं. बोलणं कमी झालं, मग रडू यायचं तेही थांबलं. आनंद नाही, दुःख नाही. कालवणात मीठ दोनदा पडायचं, मला चव कळायची नाही. परी गळ्यात पडायची, मी तिला सोडवून खाली ठेवायची. शुक्रवार आला की बाहेर बोलवायचे. जायची, म्हणून दाखवायची, आत यायची. माझं काहीच जात नव्हतं, असं मला वाटायचं.

एका शुक्रवारी सकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. सायलीने उचलला.

मी म्हटलं, "सायली, जेवलीस का? मला सांग, शाळेत काय शिकवलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान वळवून आईला हाक मारली. "आजये, फोनार कोणतरी मॅडम आसा."

"अगो, तुजीच आवस मां ती!" आईचा आवाज आला.

"माजी आये अशी बोलणा नाय." आणि तिने मोबाइल आईच्या हातात दिला.

मी पटकन आमच्या बोलीत हाक मारायला गेले. आलं नाही. खरंच आलं नाही! दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आधी 'मला' बाहेर आलं. तेव्हा घाबरले मी. पोरगी माझा चेहरा बघत होती आणि तिला मी ओळखू येत नव्हते. माझं काहीच जात नाही म्हणत होते आणि पोरगीच चालली होती. आई पलीकडून विचारत होती, "गो, बरा नाय काय तुका?" मी कॉल बंद केला.

पुढच्या वेळी आमच्याकडे जेवण होतं तेव्हा परी सोफ्यावर बसली होती. हाक आली. मी गेले. मोबाइल वर झाले.

"नाय," मी म्हटलं. ह्या वेळी आपसूक आलं.

सगळे हसले.

"नाय म्हटलंय मां. बोलूचंय नाय."

आणखी हसले. त्यांना वाटलं, हेच सुरू झालं. मी मॅडमकडे बघून म्हटलं, "तुमीच सांगितलास, चेडवासमोर असला बोलूचा नाय. चेडू हंयच बसलाहा." आणि परीकडे बोट दाखवलं.

एकाने टाळी दिली. "भारीच आहे ही!" म्हणाला. मी नाही म्हणत होते आणि त्यांना माझं नाहीसुद्धा गोड लागत होतं. मग मी तशीच उभी राहिले, हसले नाही की हलले नाही. आधी मॅडमचं हसणं थांबलं. मग एकेकाचं. मोबाइल खाली आले.

मग शुद्ध मराठीत म्हटलं, "मॅडम, माझा पासपोर्ट द्या. मला घरी जायचंय."

ह्याला कोणी हसलं नाही.

पासपोर्ट साहेबांच्या कपाटात होता. आठ दिवस आज-उद्या केलं. आठ दिवस मी मालवणीतच बोलले. पहिल्या दिवशी अडखळले, मग जीभ सुटली. साहेबांशी, मॅडमशी, परीशी, मिक्सर अडला तर मिक्सरशी. मॅडम म्हणाल्या, "एवढं काय झालं? आम्ही प्रेमानेच म्हणायचो." मी म्हटलं, "माका ठावक नाय." नवव्या दिवशी पासपोर्ट टेबलावर आला. निघताना परी रडली. मला रडू आलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आले. सायली दारात उभी. उंच झालेली. म्हणाली, "पाणी देऊ का तुम्हाला?"

तुम्हाला! मी म्हटलं, "बाय, माज्याकडे अशी बोला नको." तर म्हणाली, "तुम्ही असंच बोलता ना." आजीशी मालवणी, शेजारी मालवणी, माझ्याकडे वळली की शाळेच्या बाईंशी बोलते तसं. आणि कुणाला दोष देऊ? जायच्या आधी मीच तिला सांगायची, बाईंसमोर 'मला' म्हण, नाहीतर हसतील तुला. मीच.

गेल्या आठवड्यात कट्ट्यातल्या एका ओळखीच्या बाईने दोहाच्या एका मॅडमना माझा नंबर दिला. त्यांची दोन लहान मुलं. घराला काम हवंच आहे, काजूच्या हंगामावर वर्ष निघत नाही. आई शेजारी येऊन बसली. सायली पायरीवर काजूबिया निवडत होती.

मॅडम बोलायला चांगल्या होत्या. स्वयंपाक विचारला, अनुभव विचारला. मग म्हणाल्या, "एकच सांगते हं, मुलांशी शुद्ध बोलायचं. ते माका-तुका नको."

आईने माझ्या मांडीवर हात ठेवला. हो म्हण, असा.

मी म्हटलं, "तुमच्याकडे मराठीत बोलतलंय. पोरांका वेळार जेवक घालतलंय, अंगार हात टाकूचंय नाय. पण पोरांकडे माज्याच भाशेत बोलतलंय. चलात तर सांगा."

त्या म्हणाल्या, "कळवते मी." फोन बंद.

"हाताक इल्ला काम घालवलंस गो," आई म्हणाली.

"घालवलंय," मी म्हटलं.

सायलीने वर बघितलं नाही. बिया निवडत राहिली.

उद्या कुवेतच्या एका घरातून फोन यायचा आहे. त्यांना पहिलं वाक्यच मालवणीत सांगणार, म्हणजे कुणाचा वेळ फुकट जायला नको. हसले तर मीच फोन ठेवणार. कुणीच नाही घेतलं तर कट्ट्याच्या काजू कारखान्यात बसणार. बिया फोडून हात काळे होतात, साल निघते बोटांची. निघू दे. सायली मला तुम्ही म्हणते, म्हणू दे. मी रोज तिला मालवणीतच उत्तर देणार. ती वळेपर्यंत. नाही वळली तरी.