शेळी हाड का चघळत होती

दुभती शेळी दारातले हाड का चघळते, आणि ज्या उणिवेमुळे ती हे करते ती साध्या माणसाला परवडेल अशा कोणत्या पदार्थाने भरून काढता येते, हा प्रश्न मी एका उन्हाळ्यात सोडवायला घेतला. तेव्हा लढाई सुरू होती आणि मी कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावी प्राथमिक शाळेत शिकवत होतो. प्रश्न शेळीचा होता. तो सोडवण्याची निकड मात्र माझ्या अडीच महिन्यांच्या मुलीमुळे होती. तिची आई बाळंतपणाच्या तापाने बाराव्या दिवशी गेली. चाऱ्याच्या टंचाईने गावात दुभती जनावरे मोजकी उरली होती, म्हशीचे दूध मुलीला पचत नव्हते, आणि ती जगत होती ती आमच्या एका शेळीच्या दुधावर. घरात मुलगी, मी आणि माझे वडील, म्हणजे आबा, अशी तीनच माणसे. मी शाळेत गेलो की आबा तिला मांडीवर घेऊन बसत आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजत.

शेळीचे दूध मी औषधाच्या बाटलीने मोजत असे. त्या काळी कंपाउंडर बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देत. पट्टीचा एक दात म्हणजे औषधाची एक मात्रा. ही बाटली माझ्या पत्नीच्या शेवटच्या औषधाची होती. तीत दोन मात्रा उरल्या होत्या. त्या मी ओतून टाकल्या, पट्टीच्या खुणा कानशीने काचेवर उमटवून घेतल्या आणि बाटली उकळत्या पाण्याने धुऊन मापाला घेतली. माघात सकाळच्या धारेला दोन बाटल्या भरत. फाल्गुन सरता सरता एकच भरू लागली, आणि चैत्रात तिच्याही वरच्या तीन खुणा कोरड्या राहू लागल्या.

दूध उतरले तसे आणखी काही दिसू लागले. घराच्या भिंतीला जिथे लोणा, म्हणजे खारट पांढरा थर, फुटला होता तिथे शेळी सारखी चाटत राही. तिची चाल ताठरली होती. उठताना ती पुढचे गुडघे टेकून थोडी थांबे. आणि कुठून तरी हाडाचा तुकडा मिळवून तो दाढेखाली धरून चघळत बसे.

या शेवटच्या गोष्टीपाशी माझी चूक सुरू झाली. ती समजण्यासाठी आमच्या घराविषयी थोडे सांगावे लागेल. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावातली मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम होते. आबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे असतील. त्या दिवशी घरातल्या सर्वांनी ते काम सोडले, आणि आबांनी देवासमोर शपथ घेतली की आपल्या हाताला पुन्हा कधी हाड आणि कातडे लागणार नाही. ती शपथ आमच्या घरात पवित्र शास्त्राच्या शेजारी ठेवल्यासारखी होती. नाताळात मटण शिजले तरी जेवण होताच हाडे परड्याच्या टोकाला खोल पुरली जात. मी स्वच्छ धोतर नेसून शाळेत फळ्यापुढे उभा राहू शकलो तो या शपथेमुळे, असे मला सांगितले गेले होते आणि मी ते मानत होतो.

म्हणून शेळीच्या तोंडात हाड दिसले की मी ते काढून कुंपणापलीकडे भिरकावत असे आणि हात धुवत असे. ती पुन्हा शोधून आणी. शेवटी मी तिला चरायला सोडणेच बंद केले आणि दाव्याला बांधून ठेवले.

मग मी विचार केला. तो क्रमवार केला, एवढे त्याविषयी बरे म्हणता येईल. नगरला एका औषधांच्या दुकानात मी जनावरांना द्यायच्या क्षारांची विलायती भुकटी पाहिली होती. ती माझ्या आवाक्याबाहेरची होती, आणि लढाईमुळे पुढचा डबा कधी येईल हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते. तेव्हा घरचा पदार्थ शोधणे आले. हाडे चुन्याची बनलेली असतात, असे आरोग्याच्या क्रमिक पुस्तकात होते. खडू हाही चुन्याचाच एक प्रकार. यावरून, शेळी हाडातून जे मागते ते तिला खडूतून देता येईल, असे मी अनुमान काढले. खडू पांढरा होता, कोरडा होता, आणि शाळेतला होता. बोटांत धरता येणार नाहीत इतके झिजलेले तुकडे मी एका डब्यात साठवत असे. ते खलबत्त्यात कुटले, वस्त्रगाळ केले आणि त्यातली मूठभर भुकटी रोज तुरीच्या भुश्यात कालवून शेळीपुढे ठेवू लागलो.

शेजारी एक विधवा शेतकरीण राहत. त्यांना मी मावशी म्हणे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून डोकावून पाहिले.

“काय ओ मास्तर, शेळीला शाळंत घातली व्हय? त्वांड तर पाटी पुसल्यावानी पांढरं झालंय.”

मी त्यांना माझे अनुमान समजावून सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले की, एवढं शिकून ती आता दूध देणार का पाढे म्हणणार. मग हसू आवरून त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली: भिंत चाटणारी शेळी मीठ मागत असते, तिच्यापुढे खडेमीठ टांगावे आणि पाण्याचे भांडे भरलेले ठेवावे. मी फडक्यात मिठाचा खडा बांधून टांगला. चार दिवसांत शेळीने भिंत चाटणे सोडले. या सगळ्या खटाटोपातले हे पहिले खरे उत्तर, आणि ते माझे नव्हते.

हाडाची ओढ मात्र गेली नाही, आणि दूध उतरतच राहिले. दहाव्या दिवशी शेळीने खडू घातलेल्या भुश्याला तोंड लावले नाही. उपाशी राहिली, पण खाल्ले नाही. मुलीच्या आईने बाळंतपणाआधी एक टोपडे शिवून ठेवले होते. तान्ह्या मुलाला ते महिन्या-दोन महिन्यांत घट्ट व्हायला हवे. माझ्या मुलीच्या डोळ्यांवर ते अजून घसरत होते. आबा ते दिवसातून कितीदा तरी वर सारत आणि माझ्याकडे पाहत नसत.

एका दुपारी शाळा सुटल्यावर घरी आलो तेव्हा आबा शेळीजवळ बसले होते. शेळी त्यांनी घटकाभर मोकळी सोडली होती आणि तिच्या दाढेत हाड होते. मी ते काढायला वाकलो. आबांनी माझे मनगट धरले.

“ऱ्हाऊ दे. ती चुकत न्हाई, तू चुकतुयास. आन् मी तुला चुकू दिलं.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्या तोंडून आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. आजोबा ओढून नेलेल्या जनावरांची हाडे जाळत, त्यांची राख करत आणि ती मिठात कालवून घरच्या शेळ्यांना चाटायला देत. आमच्या घरचे पाणी गावात कोणी पीत नसे, पण आमच्या शेळ्या पाहायला माणसे वाटेत थांबत. हाड चघळणाऱ्या शेळीला काय हवे असते, हे आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. जिभेवर आले की शपथ आडवी येई, असे ते म्हणाले.

मी म्हणालो, शपथ तुमची आहे, माझी नाही. हाडे मी गोळा करतो, मी जाळतो.

“कोंचं जनावर फाशीनं मेलं आन् कोंचं म्हातारपनानं, तुला कळतंय का? न्हाई कळत. मला कळतंय. शपथ माझी हाय, मोडायची तर मीच मोडीन.”

या बोलण्यातला पहिला भाग वाचकांनी विसरू नये. फाशी हा गुरांचा रोग असा आहे की त्याचे विष मेलेल्या जनावराच्या हाडात आणि आसपासच्या मातीत वर्षानुवर्षे राहते आणि माणसालाही बाधते. ज्या जनावराच्या मरणाचे कारण माहीत नाही, त्याच्या हाडाला हात लावू नये.

आबांना खात्री देता येईल असे जवळपास एकच जनावर होते. मावशींचा जुना बैल दोन वर्षांपूर्वी म्हातारपणाने गेला होता आणि त्याची हाडे ओढ्याकडेला वाळून पडली होती. आबा विचारल्याशिवाय तिकडे गेले नाहीत. मावशींच्या दारासमोर, अंगणाबाहेर नेहमी उभे राहत तिथेच उभे राहून, त्यांनी विचारले. त्या दिवशी मावशींनी चेष्टा केली नाही.

“जित्तेपनी त्यानं माझं घर चालवलं,” त्या म्हणाल्या. “न्या. तुमच्या नातीच्या कामी येऊ द्या. फकस्त मला बघाया बोलवू नगा.”

आबांनी परड्याच्या टोकाला, जिथे आम्ही नाताळातली हाडे पुरत असू तिथेच, खड्डा खणला. खाली बाभळीची लाकडे, वर हाडे, त्यावर गोवऱ्या. त्यांनी मला गोवऱ्या वाहू दिल्या. हाडाला हात लावू दिला नाही. वास आळीभर पसरला. आळीच्या तोंडाशी चार माणसे जमली, आणि त्यांतल्या एकाने सर्वांना ऐकू जाईल असे विचारले की, जुना धंदा परत काढला काय. आबा खड्ड्याकडे पाहत राहिले. हाड आधी काळे होते, ते कच्चे. पुरते पांढरे झाले आणि बोटांनी दाबताच भुगा झाला म्हणजे ते जळले. यास संध्याकाळ झाली.

राख हाती आली तेव्हा मी तीन वाडग्या ठेवल्या: एकीत मीठ, दुसरीत खडूची भुकटी, तिसरीत हाडाची राख. शेळीने मीठ थोडे चाटले, खडू हुंगून सोडला आणि राखेची वाडगी पुसल्यासारखी केली. दुसऱ्या दिवशी वाडग्यांच्या जागा बदलल्या. तिने बदललेली जागा शोधून पुन्हा राखच खाल्ली. पुढे दोन भाग राख आणि एक भाग मीठ असे मिश्रण करून मी रोज सुमारे अर्धा तोळा भुश्यात देऊ लागलो. खडू बंद केला आणि शेळीला पूर्वीसारखी चरायला मोकळी सोडली. तीन आठवड्यांत दूध उतरायचे थांबले. त्यानंतर ते एकेक खूण वर चढले. दोन बाटल्या काही पुन्हा भरल्या नाहीत, पण एक भरून दुसरीच्या तळाशी येऊ लागले. हाड चघळणे तिने आपोआप सोडले. ज्येष्ठात मुलीच्या टोपड्याची नाडी हनुवटीखाली पुरेना, तेव्हा आबांनी ते धुऊन पेटीत ठेवले.

पुढे एका शेतकी पत्रकात मला माझ्या अनुमानातली चूक सापडली. हाडात चुन्याबरोबर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असते. वाळल्या चाऱ्यात ते कमी पडते आणि दुधातून ते सतत जात असते. खडूत ते मुळीच नाही. मूठभर खडूने भुसा तेवढा बेचव केला.

हाडे जाळली त्या महिन्यात चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला आबा बाकावरून उठले नाहीत. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिले, आबांनी मान हलवली आणि मांडीवरच्या मुलीला थोपटत राहिले. पुढच्या महिन्यातही तसेच. तिसऱ्या महिन्यात ते उठून पुढे गेले. त्यांनी देवाशी काय बोलून घेतले ते मी विचारले नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

आबांना ही किंमत मोजावी लागली, म्हणूनच एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. राख सुरू केली त्याच दिवशी मी खडू बंद केला आणि शेळीला मोकळीही सोडली; त्या दिवसांत ओढ्याकडेला बाभळीच्या शेंगा गळत होत्या आणि त्या ती पोटभर खात होती. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या एकीचा आला हे सांगता येत नाही. विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर मी त्याला तो प्रयोग पुन्हा करायला लावला असता. मला तो पुन्हा करता आला नाही. घरात दुसरी दुभती शेळी नव्हती आणि मुलीच्या दुधाशी खेळण्याचा धीर नव्हता. राखेसाठी आबांनी शपथ मोडणे भागच होते, की शेळीचे दावे सोडले असते तरी पुरले असते, हे मला आजही ठरवता येत नाही.

तेव्हा माझ्या सांगण्यावर विसंबू नका. ज्यांच्याकडे एका वेळी व्यालेल्या दोन शेळ्या असतील त्यांनी दोघींना सारखेच चारावे, सारखेच मीठ द्यावे, एकीलाच राख द्यावी, महिनाभर दूध मोजावे, आणि काय खरे ते स्वतः पाहावे.