एकाच माणसाचे दोन रिपोर्ट

दारव्ह्याच्या तहसील कचेरीत माझं काम कागद तपासण्याचं. दोन कागद जुळले नाहीत की त्यातला एक खोटा, एवढंच मला ठाऊक. थोरला भाऊ वणीला ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा त्याची फाइल आपसूक माझ्याकडे आली.

नागपूरला ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीची जनुकीय तपासणी झाली. एक ठरावीक औषध निकामी करणारा बदल तिच्यात नाही, असा रिपोर्ट आला, म्हणून तेच औषध सुरू झालं. यकृतातही त्याच कॅन्सरच्या दोन गाठी होत्या. काही महिन्यांनी एक आक्रसली, दुसरी मात्र वाढली. तिचा तुकडा काढून तपासला, तर तोच बदल तिच्यात सापडला.

दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचले. कुणा दुसऱ्याच्या नमुन्याशी अदलाबदल झाली असणार. लॅबमधली मुलगी फोनवर बोलत बोलत नमुन्यांच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होती, हेही आठवलं. मी तिच्याविरुद्ध तक्रार लिहून दिली.

“काहून त्या पोरीच्या मागं लागून राह्यला तू?” भाऊ म्हणाला.

“दादा, तुले यातलं समजत नाही.”

लॅबच्या डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. दोन्ही तुकडे एकाच माणसाचे आहेत का, याची त्यांनी वेगळी तपासणी करवली. दोन्ही भावाचेच निघाले.

“मग पहिला रिपोर्ट खोटा?” मी विचारलं.

“दोन्ही खरे. गाठ आतून सगळी सारखी नसते. वाढता वाढता तिच्या पेशी एकमेकींपासून वेगळ्या होत जातात. आम्ही तपासतो एक तुकडा. औषधानं मरणाऱ्या पेशी मेल्या. न मरणाऱ्या थोड्या बहुधा आधीपासून होत्या, त्या वाढल्या.”

भावाला ते लगेच पटलं. “फवारा मारून जे तण उरते, तेच पसरते. पोरीचा काय दोष?”

तक्रार मागे घेतली, मुलीची माफी मागितली. पण नंतरच्या खेपेला प्रत्येक चिठ्ठी ती चिकटवण्याआधी मला मोठ्यानं वाचून दाखवू लागली. ते मला फार लागलं.

औषध बदललं. वाढणारी गाठ सध्या थांबली आहे. भाऊ गॅरेजात खुर्ची टाकून बसतो, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगतो. मी मात्र चांगला रिपोर्ट आला तरी डॉक्टरांना विचारतोच, “तुकडा कुठला घेतला? आणि बाकीच्या गाठीत काय आहे?”

ते खरं तेच सांगतात. सगळी गाठ तपासता येत नाही.