आरसा न हलवता

ऑफिसात सगळे त्याला लहरी म्हणायचे. एक तर घरोघरी जाऊन वायफायच्या लहरी सुधारणं हेच त्याचं काम, आणि दुसरं म्हणजे काम करता करता मधेच थांबून तो भिंतीकडे टक लावून बघत राहायचा. आधीची वीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर गेली होती. तेव्हा निदान तार हाताला लागायची. आता हाताला काहीच लागत नव्हतं, म्हणून तो मनानं बघायला शिकला होता. खोलीत पाऊल टाकलं की लहरी कुठून झिरपतात, कुठे अडखळतात, कुठे विरून जातात, हे त्याला जणू डोळ्यांपुढे दिसायचं.

त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरचं दार एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी उघडलं. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूनं त्यांच्या यजमानांची वाचा गेली होती, आणि तेव्हापासून ते आतल्या खोलीत पलंगावरच होते. परदेशातली नात रोज चार वाजता टॅबलेटवर येऊन आजोबांना गोष्ट वाचून दाखवायची. पण दोन वाक्यं होतात न होतात तोच तिचा चेहरा गोठायचा, आणि आजोबा डोळे मिटून घ्यायचे.

कारण लगेच सापडलं. राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीमागे जमिनीवर होता, आणि मधल्या भिंतीला लागून आतल्या बाजूला पुरुषभर उंचीचा आरसा. आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो, त्यावर आपटून लहरी माघारी फिरतात, असं सांगून तो म्हणाला की आरसा हलवला की काम झालं.

बाई त्याला पलंगाच्या उशाशी घेऊन गेल्या. "जरा वाका," त्या म्हणाल्या.

तो वाकला. आरशात खिडकी होती, खिडकीत झाड, आणि पानांतून गळणारं ऊन संथ हलत होतं.

"पडल्या पडल्या त्यांना एवढंच दिसतं," बाई म्हणाल्या. "हा नका हलवू."

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग उठून कामाला लागला.

राउटरला दोन वाटा असतात, त्यानं बाईंना समजावलं. पाच गिगाहर्ट्झची वाट वेगवान, पण भिंत आली की हात टेकणारी. दोन पॉइंट चारची वाट चिवट, भिंती ओलांडून जाणारी, पण तिच्यावर गर्दी फार. त्यानं मोबाइलवर पाहिलं, तर शेजारची नऊ घरं एकाच चॅनेलवर दाटीवाटीनं बसली होती. बाकीच्या खोल्यांसाठी त्यानं चिवट वाटेला मोकळा चॅनेल दिला. मग भिंतीच्या कडेनं केबल ठोकत नेली आणि राउटर पॅसेजमधल्या पुस्तकांच्या कपाटावर उंच ठेवला. तिथून उघड्या दारातून पलंग सरळ समोर येत होता आणि आरसा बाजूला राहत होता. टॅबलेट त्यानं वेगवान वाटेला जोडून दिला.

"दार मात्र उघडं ठेवा, बाई."

चार वाजता नात आली. सवयीनं दोन वाक्यांनंतर थांबून तिनं विचारलं, "ऐकू येतंय ना?" आजोबांनी डाव्या हाताचं बोट हळूच उचललं. ते तिला दिसलं, आणि ती वाचत गेली. इतके दिवस टॅबलेट हातात धरून खोलीभर हिंडणाऱ्या बाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

लहरी दारात उभा राहून ऐकत होता. एकाएकी त्याच्या लक्षात आलं की आपण नेमके वाटेत उभे आहोत. माणसाचं अंगही लहरी शोषतं. तो चटकन बाजूला सरकला आणि गोष्ट संपेपर्यंत भिंतीला टेकून राहिला. पुढच्या घरी पोहोचायला त्याला तासभर उशीर झाला.